किक, बटण आणि तिसरं चाक

१९७५ ते १९९० या काळात ज्यांनी भिवंडीत आयुष्यातली पहिली गाडी घेतली, ती माणसं आता पासष्ट ते ऐंशीच्या घरात आहेत. या पिढीची गाडी एकदम सुटली नाही. ती टप्प्याटप्प्याने हलकी होत गेली. शेवटच्या टप्प्याकडे मात्र आपण नीट पाहिलेलं नाही, म्हणून हा मागोवा.

तेव्हा गाडी ऐटीपेक्षा धंद्यासाठी जास्त होती. यंत्रमागाच्या कारखान्यातून निघालेले तागे, सुताच्या गोण्या, सुटे भाग, सगळं राजदूत आणि येझदीवर लादलं जायचं, पुढे बजाजच्या एम-८०वर. पडघ्या-वाड्याकडचे दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लटकवून भल्या पहाटे गावात शिरायचे. आणि काल्हेर-कशेळीकडच्या आगरी गावांत मान होता तो बुलेटचा. तो आजही आहे.

जुनी बुलेट सुरू करणं हे शिकावं लागायचं. किक हळूहळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, हँडलची डीकॉम्प्रेशनची खिटी दाबून किक आणखी थोडी पुढे न्यायची, खिटी सोडायची आणि मग अंगाचा सगळा भार टाकून एकच किक मारायची. क्रम चुकला की किक उलटी यायची आणि पोटरी आठवडाभर ठणकायची. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. पंचविशीत हे सगळं अंगात भिनतं. साठीत तोच गुडघा नको म्हणतो. मधल्या स्टँडवर गाडी चढवताना कमरेत चमक भरते आणि त्या दिवशी माणसाला पहिल्यांदा वयाची जाणीव होते. चेतकवाल्यांचंही वेगळं नव्हतं. सकाळी स्कूटर एका बाजूला कलंडवायची, मग किकांवर किका.

त्यामुळे २००१ मध्ये होंडाची अ‍ॅक्टिवा आली, ती माझ्या मते या देशातल्या वयस्कर माणसांची पहिली खरी गाडी होती. जाहिरातीत तरुण मुली दिसत, पण आमच्या गल्लीत तिच्यावर आजोबा बसले. बटण दाबलं की सुरू, गिअर नाही, पाय आडवा टाकून चढायची गरज नाही. बुलेटच्याच घराण्यातली आजची क्लासिक ३५० भरते १९५ किलो. अ‍ॅक्टिवा शंभराच्या थोडी वर. बुलेट विकताना डोळे भरून आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तीच माणसं महिन्याभरात स्कूटरवरून बाजारात हसत फिरतानाही पाहिली आहेत.

पण दोन चाकांचा खरा प्रश्न वजनाचा नाही, थांबण्याचा आहे. वयस्कर माणूस वेगात क्वचित पडतो. तो पडतो सिग्नलला, कल्याण नाक्यावरच्या कोंडीत, घराच्या फाटकाशी. गाडी थांबते, पाय जमिनीवर टेकायला जातो आणि खाली नेमका खड्डा असतो किंवा खडी. चालत्या गाडीला वेग सावरतो. थांबलेल्या गाडीला फक्त गुडघा सावरतो. इथे तिसऱ्या चाकाची, किंवा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मागे दोन बाजूंना दोन लहान चाकांची, गरज सुरू होते.

ही चाकं आपल्या गॅरेजांमध्ये म्हाताऱ्यांसाठी आली नाहीत. ती आली पोलिओ झालेल्यांसाठी. पायात कॅलिपर घालणारी तरुण मुलं नोकरीला, दुकानाला जायची म्हणून वेल्डिंगवाल्यांनी आणि मेकॅनिकांनी स्कूटरला पट्ट्या जोडल्या, शॉकअप बसवले, चाकांची उंची चुकत-माकत ठरवली. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. रोग गेला, हातातली कारागिरी राहिली. आता त्याच गॅरेजांकडे गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, अर्धांगवायूतून उठलेले, तोल जाणारे लोक येतात. त्या मुलांचे आपल्यावर केवढे उपकार आहेत, हे कुणी बोलत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

परदेशात ही वाट केव्हाच रुळली आहे. हार्ले-डेव्हिडसनची तीन चाकी सर्व्ही-कार १९३२ ते १९७३ इतका काळ निघत होती. २००७ मध्ये पुढे दोन चाकं असलेली कॅन-अ‍ॅम स्पायडर आली आणि २००९ पासून हार्लेची ट्राय ग्लाइड. ती अर्ध्या टनाहून जड आहे, तिला मागे घ्यायला रिव्हर्स आहे, आणि ती घेणाऱ्यांत निवृत्तांची संख्या मोठी आहे. ते तिच्यावरून राज्यंच्या राज्यं पार करतात. आपल्या माणसाला तेवढं नको असतं. त्याला मंडईत, बँकेत, मशिदीत, देवळात आणि एकदा कारखान्यावर जाऊन माग चालू आहेत ना, एवढं बघून यायचं असतं.

चालवण्याची सवय मात्र बदलावी लागते. दुचाकी वळणावर कलते, बाजूला चाकं जोडलेली गाडी कलत नाही. हँडल वळवावं लागतं आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला न्यावं लागतं. जोरात वळवली तर आतलं चाक उचललं जातं. चाळीस वर्षं दुचाकी चालवलेल्या माणसाला हे नवशिक्यापेक्षा अवघड जातं.

आणि रस्ता. दुचाकीस्वार दोन खड्ड्यांमधून वीतभर वाट काढतो. या गाडीचे तीन माग पडतात, एक चुकवला तर दुसरा खड्ड्यात जातो. बाजूची दोन चाकं कडांवर टेकली आणि मधलं चाक खड्ड्यावर अधांतरी राहिलं तर ते नुसतं फिरतं, गाडी जागची हलत नाही, आणि मागे कंटेनर हॉर्न देत उभा असतो. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर आमच्याकडे गोदामांची भरभराट झाली, ट्रेलर वाढले, अंजूरफाट्याकडचे रस्ते त्यांच्या भाराखाली दबले. भिवंडीत तिसरं चाक जपून वापरावं लागतं ते यामुळे, गाडीत खोट आहे म्हणून नाही.

कायद्याचीही अडचण आहे. १९८८चा मोटर वाहन कायदा साइडकार लावलेल्या गाडीला मोटरसायकलच मानतो. पण आधारासाठी चाकं जोडली तर तो वाहनातला बदल ठरतो. २०१९च्या दुरुस्तीने बदल करून घेतलेल्या वाहनाची व्याख्या कायद्यात आली, ती शारीरिक व्यंग किंवा अपंगत्व असलेल्या व्यक्तीपुरती. नुसतं वय झालेला, गुडघे झिजलेला माणूस त्यात सहज बसत नाही. म्हणून बरेच जण गॅरेजमध्ये गुपचूप चाकं लावून घेतात आणि अपघात झाला की विम्याच्या दाव्यात अडकतात.

तेव्हा ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना सांगणं एवढंच: गाडीची चावी काढून घेऊ नका, आणि पडेपर्यंत वाटही पाहू नका. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आरटीओची परवानगी घ्या, आरसीवर नोंद करून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा, मगच गॅरेजात जा. आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी त्या व्याख्येत वार्धक्याचा समावेश व्हावा म्हणून आपल्या खासदाराकडे लेखी मागणी करावी.