देवगिरीचा राजवाडा गेला कुठे?

गेल्या आठवड्यात आपण यवतमाळ जिल्ह्यातली हेमाडपंती देवळे पाहिली. सांध्यात चुना नाही, दगडावर दगड बसवलेला, आणि तरी सातशे वर्षांचे ऊनपाऊस सोसून उभी असलेली. ती पाहताना एक प्रश्न मनात येतोच. ज्या यादवांच्या राज्यात खेडोपाडी अशी देवळे उभी राहिली, ते यादव स्वतः कुठे राहत होते? त्यांचा वाडा कुठे आहे?

उत्तर सोपे आणि जिवाला लागणारे आहे. तो वाडा कुठेच नाही. उमरखेडहून पैनगंगा ओलांडून मराठवाड्यात उतरा, थेट देवगिरीच्या पायथ्याशी जा, महाकोटाच्या दरवाजातून आत शिरा. चांद मिनार दिसेल, तो बहमनी काळातला. काळ्या कोटात निजामशाही महालांचे अवशेष दिसतील. चिनी महाल दिसेल, जिथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कैदेत होता. वर शहाजहानच्या काळातली बारादरी आहे. पण ज्यांनी या डोंगराला राजधानी केले, त्या भिल्लम, सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामचंद्र यांच्या राहत्या वाड्याची एक भिंतही बोट दाखवून सांगता येत नाही.

भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी केली. तिथून 1318 पर्यंत, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षे, मराठी मुलखाचा कारभार इथून चालला. इथला दरबार लहानसहान नव्हता. सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याच्या घराण्याचे मूळ काश्मीरचे, हुद्दा हिशेबाच्या खात्यातला, आणि हातून लिहून झाला तो ‘संगीतरत्नाकर’, जो आजही हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही संगीताचे अभ्यासक उघडतात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने काढलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. कृष्णाच्या काळी हत्तीदळाचा प्रमुख जल्हण याच्या नावाने 1258 मध्ये ‘सूक्तिमुक्तावली’ हा सुभाषितसंग्रह तयार झाला. आणि महादेव व रामचंद्र यांच्या कारकिर्दीत हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख, होता. ही माणसे रोज ज्या सदरेवर बसत, ती सदर गेली. त्यांचे ग्रंथ राहिले.

वाडा दगडाने सांगितला नाही तो शब्दांनी थोडा सांगितला आहे. 1271 च्या सुमारास महादेवाचा मुलगा आमण गादीवर आला. कृष्णाचा मुलगा रामचंद्र याला तो हक्क आपला वाटत होता. महानुभाव परंपरेत गोष्ट आहे, की रामचंद्र आणि त्याचे साथीदार नटांच्या वेषात किल्ल्यात शिरले, आमणापुढे खेळ सुरू झाला, आणि ऐन रंगात त्यांनी आमणाला पकडले. मला ही गोष्ट वाड्याच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. इतका मोठा नटांचा मेळा आत घेता येईल, राजा आणि त्याचे लोक बसून बघतील, अशी प्रशस्त जागा किल्ल्याच्या आत असावी. नाटकमंडळी दारावर आली तर पहारेकरी फारशी चौकशी न करता सोडत असावेत, इतका तिथे खेळांचा राबता असावा. एका बंडाच्या हकिगतीतून वाड्याचे अंगण असे दिसते.

दुसरी आठवण कवी नरेंद्राची. त्याने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रामदेवरायाच्या, म्हणजे याच रामचंद्राच्या, सभेत वाचले. राजाला ते इतके आवडले, की ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, काव्यावर माझे नाव घाल, असे तो म्हणाला. नरेंद्राने नकार दिला. परंपरा सांगते, की पोथी राजाकडेच राहिली आणि कवीने भावांच्या मदतीने जेवढे आठवले तेवढे लिहून नेले. आज आपल्या हाती असलेले काव्य नऊशेच्या आसपास ओव्यांचे आणि अपुरे आहे. म्हणजे राजवाडा गेला तेव्हा मराठीतल्या एका थोर काव्याचा उरलेला भागही त्याच्याबरोबर गेला असणार. भिंती गेल्या याचे मला जेवढे दुःख आहे, त्याहून जास्त त्या पोथीचे आहे.

आता तो गेला कसा? 1296 मध्ये कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी एलिचपूरच्या वाटेने, म्हणजे आपल्याच वऱ्हाडातून, देवगिरीवर आला. मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, की घाईने गडावर चढवलेली पोती धान्याची समजली होती, ती निघाली मिठाची. तह झाला तेव्हा खंडणीत एलिचपूरचा वसूल गेला. पण त्या वर्षी वाडा पडला नाही. अलाउद्दीन लूट घेऊन परतला, रामदेवराय पुन्हा आपल्या सदरेवर बसला. 1307 मध्ये मलिक काफूर आला, राजाला दिल्लीला नेले, ‘रायरायान’ किताब देऊन परत पाठवले. पुढे शंकरदेव लढून पडला आणि 1318 मध्ये शेवटचा यादव राजा हरपाळदेव याच्या अंतानंतर राज्य बुडाले. त्याच साली महाकोटात जामा मशीद उभी राहिली, तिचे खांब जुन्या देवळांचे आहेत. आज तिथे भारतमातेचे मंदिर आहे. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले.

माझ्या मते वाडा एका हल्ल्यात नाही, तर वापरात नाहीसा झाला. त्या काळी दख्खनेत देव दगडात राहत आणि राजे लाकडात. जोते दगडी, वर सागवानी खांब, तुळया, विटा, चुना. शनिवारवाडा आठवा: 1828 च्या आगीत मजले जळाले, उरला तो तट आणि जोती. हंपीलाही तेच; 1565 च्या विजयनगरच्या पाडावानंतरही देवळे टिकली, पण राजांच्या महालांचे नुसते चौथरे आहेत. देवगिरीत भर अशी, की प्रत्येक नव्या सत्तेला तीच जागा हवी होती. पाणी तिथेच, दरवाजे तिथेच, आणि संकट आले तर खंदकापलीकडच्या ताशीव कड्यावर चढायची वाटही तिथूनच. प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात लिहितो, की वर जायला चामड्याची शिडी होती आणि रात्री ती वर ओढून घेत. ज्याला ही शिडी जवळ हवी, तो खंदकापासून लांब घर बांधणार नाही. म्हणून मला वाटते, काळ्या कोटातले निजामशाही महाल जिथे आहेत, त्याच उतारावर, त्यांच्याच खाली, यादवांची जोती असावीत. इब्न बतूताने शहराचे तीन भाग सांगितले आहेत: सुलतानाचे दौलताबाद, ‘कटक’ आणि वरचा गड. महानुभाव ग्रंथ देवगिरीला कटकच म्हणतात. राज्य गेल्यावर पंचवीस वर्षांनीही यादवांचे शहर त्याच नावाने नांदत होते.

पुरातत्त्व खात्याने खालच्या शहराचे काही भाग मोकळे केले आहेत. हंपीत चौथऱ्यांवरून महालांचे नकाशे मांडले गेले, ते दशकानुदशके चाललेल्या खोदकामामुळे. देवगिरीच्या यादव थराला तसा सलग वेळ आणि पैसा मिळायला हवा. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या राजाचे नाव आले आहे, त्याच्या घराचे जोते शोधणे हे महाराष्ट्राचे स्वतःचे काम आहे.

उमरखेडहून वेरूळला जाणाऱ्या सहली देवगिरीला तासभर थांबतात आणि अंधारी, म्हणजे गडावरचे काळोखे भुयार, पाहून निघतात. या वेळी गेलात तर काळ्या कोटात थोडे जास्त थांबा. चुन्याच्या भिंतीकडे न पाहता तिच्या पायाकडे पाहा. चुन्याशिवाय बसवलेले मोठे घडीव दगड कुठे दिसतात का ते बघा आणि आपल्या भागातल्या देवळांच्या जोत्यांशी ताडून पाहा. पुढच्या आठवड्यात माहूरगडाकडे वळू.