मेरीबाईंचा अर्नेस्ट

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात चार्ल्स्टन हे बंदर आहे. तेथे १४ ऑगस्ट १८८३ रोजी एका कृष्णवर्णीय घरात अर्नेस्ट जस्ट जन्मले. चार वर्षांचे असताना वडील वारले. आई मेरी शाळेत शिकवीत आणि फॉस्फेटच्या खाणीतही राबत. मुलगा शिकला पाहिजे, हा त्या माउलीचा ध्यास! तिने त्याला उत्तरेकडे शिकायला धाडले. तो तेथे असतानाच ती गेली. १९०७ साली डार्टमाउथ कॉलेजातून तो उच्च श्रेणीत पदवीधर झाला, ते पाहायला ती नव्हती.

पुढे ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात शिकवू लागले. १९०९ पासून उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत समुद्रातील कृमी आणि काटेरी सी-अर्चिन यांची अंडी ते तपाशीत. पेशीचे बाहेरचे आवरण म्हणजे नुसती साल, खरे काम आत चालते, असे तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञ मानीत. जस्ट यांनी वेगळेच पाहिले. एक शुक्रजंतू चिकटला, की त्या जागेपासून बदलाची लाट अंड्याच्या साऱ्या पृष्ठभागावर पसरते. मग दुसऱ्याला आत शिरता येत नाही. म्हणजे पृष्ठभागही जिवंत, कामकरी! भांडे जराही अस्वच्छ असले तर त्या प्रयोगावर ते विश्वास ठेवीत नसत.

१९१५ साली एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे पहिले स्पिंगार्न पदक त्यांना न्यूयॉर्कमध्ये मिळाले. त्या दिवसांत बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. दोघे भेटले, असा दावा आम्ही करीत नाही. पण याच संघटनेच्या संस्थापकांपैकी डॉ. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते, हे वाचकांना सांगावेसे वाटते.

१९१६ साली शिकागोची डॉक्टरेट मिळाली. तरी गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंदच! अखेर १९२९ पासून ते युरोपात जाऊ लागले. नेपल्स, बर्लिन येथे मान मिळाला. १९३३ साली हिटलर आला आणि जर्मनीचे दारही मिटले. मग फ्रान्स. १९३९ साली पेशीपृष्ठावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. १९४० साली जर्मन फौजांनी फ्रान्स घेतला, तेव्हा त्यांना काही काळ छावणीत डांबले. सुटून मायदेशी परतले ते आजारी होऊनच. २७ ऑक्टोबर १९४१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८.

अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९६ साली त्यांचे तिकीट काढले.