रक्तातील मद्यांश आणि न्यायालयातील पुरावा

मद्यप्राशन करून वाहन चालविणारा केवळ स्वतःच्या जिवाशी खेळत नाही. पदपथावरील निरपराध माणसाचा जीवही तो धोक्यात घालतो. म्हणूनच मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये हे कृत्य दंडनीय आहे. वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळल्यास पहिल्या अपराधाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा तोच अपराध घडल्यास कारावासाची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते व दंड १५,००० रुपये होतो.

अशा खटल्यात सारी भिस्त बहुधा प्रयोगशाळेच्या अहवालातील एका आकड्यावर असते. तो आकडा चुकीचा ठरला, तर एखाद्या निर्दोष चालकाची उपजीविका बुडते. तो संशयास्पद ठरला, तर अपराधी सुटतो आणि अपघातग्रस्ताचे कुटुंब न्यायाला मुकते. म्हणून या पुराव्याला आव्हान कोठे व कसे दिले जाते, हे नागरिकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याने आखलेली वाट

कलम २०३ नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी संशयित चालकाची श्वासचाचणी घेऊ शकतो. तीत मद्यांश आढळल्यास अथवा चालकाने चाचणी नाकारल्यास, अटकेनंतर कलम २०४ अन्वये नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून रक्ताचा नमुना घेण्यात येतो. नमुना स्त्रीचा असून डॉक्टर पुरुष असल्यास तेथे दुसरी स्त्री उपस्थित असणे बंधनकारक आहे. अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर कलम २०२ प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीस मुक्त करावे लागते. मात्र चाचणी टाळल्याने सुटका होईल, हा समज भ्रामक होय. सबळ कारणावाचून दिलेला नकार कलम २०५ अन्वये आरोपीच्याच विरुद्ध जाऊ शकतो.

आक्षेपाच्या जागा

पहिला आक्षेप नमुना घेण्याच्या रीतीवर असतो. सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसली गेल्यास त्यातील मद्यार्क नमुन्यात मिसळण्याचा संभव असतो. दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या नियमांत रक्त घेताना कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होऊ नये, असे बंधन आहे ते याचसाठी.

दुसरा आक्षेप जतनाविषयी असतो. रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ऑक्झलेट, तर ते नासू नये म्हणून सोडियम फ्लोराइड वापरतात. परिरक्षक पुरेसे नसेल आणि कुपी उष्ण जागी राहिली, तर सूक्ष्म जंतूंमुळे रक्तातील शर्करेपासून मद्यार्क तयार होऊ शकतो. उलट कुपीचे बूच सैल असल्यास असलेला मद्यार्क उडूनही जातो. आकडा असा दोन्ही बाजूंनी ढळू शकतो.

तिसरा व सर्वांत परिणामकारक आक्षेप ताब्याच्या साखळीवर घेतला जातो. नमुना कोणी घेतला, लाखेची मोहोर कोणाची, कुपी कोठे ठेवली, प्रयोगशाळेत कोणी नेली आणि पोहोचली तेव्हा मोहोर अभंग होती काय, या प्रत्येक प्रश्नाला नोंदीचा आधार लागतो.

चौथा आक्षेप विलंबाचा; पण तो दुधारी आहे. रक्तातील मद्यांश सामान्यतः दर १०० मिलिलिटरमागे ताशी १० ते २० मिलिग्रॅम या वेगाने घटतो. उशिरा घेतलेल्या नमुन्यात म्हणून बहुधा मूळ प्रमाणापेक्षा कमीच मद्यांश दिसतो. चालकाने अगदी अलीकडे मद्य घेतले असेल व ते अद्याप रक्तात भिनत असेल, तरच विलंबाचा युक्तिवाद त्याच्या बाजूने वळतो.

न्यायालयांचा दृष्टिकोन

खानदेशातील १९६१ सालच्या एका मोटार अपघाताचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रक्ताची कुपी तपासणीपर्यंत सुरक्षित होती काय, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. १९६३ च्या निर्णयात न्यायालयाने, तेवढ्यासाठी संपूर्ण खटला नव्याने चालविण्याऐवजी त्या मुद्द्यापुरता अधिक पुरावा घेणे उचित मानले.

वांद्रे येथे २८ सप्टेंबर २००२ रोजी झालेल्या अपघाताच्या खटल्यात चालकाच्या रक्तात ६२ मिलिग्रॅम मद्यांश असल्याचा अहवाल होता. तथापि घेतलेल्या व प्रयोगशाळेत पोहोचलेल्या रक्ताच्या परिमाणातील तफावत आणि मधल्या काळातील जतन यांविषयी शंका उपस्थित झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी, या व अन्य कारणांस्तव, आरोपीस निर्दोष ठरविले. राज्य शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल केले.

आरोपीचा हक्क, यंत्रणेचे कर्तव्य

शासकीय रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्याची प्रत्यक्ष साक्ष न घेताही पुराव्यात दाखल होतो. तरीही भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३२९ नुसार न्यायालय त्यास पाचारण करू शकते. आरोपीने तशी विनंती वेळीच करावी. अहवालाची प्रत, नमुना घेतल्याची वेळ व मोहोरेचे वर्णन वकिलामार्फत तपासून घ्यावे. ज्यास वकील परवडत नाही, अशा पात्र व्यक्तीस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य साहाय्य मागता येते.

पुराव्याची कसोटी पाहणे म्हणजे मद्यपी चालकाला पाठीशी घालणे नव्हे. डॉक्टराने योग्य रीतीने घेतलेला, पोलिसाने नीट मोहोरबंद केलेला व प्रयोगशाळेत वेळेवर पोहोचलेला नमुना उलटतपासणीतही टिकून राहतो. कुपीवरील एक अचूक नोंद निरपराध्याचे रक्षण करते आणि अपघातात बळी पडलेल्याला न्यायही मिळवून देते.