चाई, नायटा की आणखी काही?

चाई पडली की घरात पहिला संशय किड्यावर, आणि मग लसूण चोळणं सुरू. किडा वगैरे काही नसतो. लसणाने कातडी पोळते, ते वेगळंच. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. चट्टा गोल, गुळगुळीत, बहुधा खाज-कोंड्याशिवाय. कडेचे तुटके केस भिंगातून पाहिले तर मुळाशी बारीक, टोकाला जाड दिसतात. काहींच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डेही पडतात. एखाददुसरा चट्टा अनेकदा वर्षभरात आपोआप भरतो. नवे केस आधी पांढरे येतात. नाहीतर चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. क्वचित सगळं डोकं, भुवयाही जातात; अशा तीव्र आजारात प्रौढांसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत 2022मध्ये मान्यता मिळाली.

लहान मुलाच्या डोक्यात खाजरा, खवल्यांचा चट्टा आणि तुटक्या केसांचे काळे ठिपके दिसले, तर बहुधा नायटा. ही बुरशी कंगव्यातून, टोपीतून, मांजराच्या पिल्लाकडूनही येते. ती केसात शिरलेली असते. नुसतं मलम पुरत नाही, पोटात औषध काही आठवडे घ्यावंच लागतं.

घट्ट वेणी-अंबाड्याने कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. स्वतःच केस उपटण्याच्या सवयीत चट्टा वेडावाकडा, केस लहान-मोठे.

घाई करायची ती चकचकीत, छिद्रंच बुजलेल्या चट्ट्याची. ल्युपससारख्या आजारात मुळं कायमची मरतात. तिथे घरगुती उपायांत महिने घालवू नयेत, थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.