दगड वाचणाऱ्या लेकी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

हेदवीहून तुमची गट समन्वयक बोलते आहे. आज कर्जाचे हप्ते नाहीत, पापड-कोकमाची विक्री नाही. आज विषय आहे दगडांचा, आणि दगड शिकणाऱ्या मुलींचा. ऐकायला वेगळा वाटेल, पण आपल्या हंड्याशी, घरामागच्या डोंगराशी आणि बारावीला असलेल्या लेकीशी त्याचा थेट संबंध आहे.

आधी एक प्रश्न. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाटावरच्या बायकांना तो आकडा सांगितला तर त्या डोळे मोठे करतात. मग आपल्या वाडीतल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ का दाखवतात?

उत्तर पायाखाली आहे. आपल्या सड्यावर जांभा आहे. घराचे चिरे त्याचेच. जांभ्याला भोकं असतात, म्हणून पावसाचं पाणी त्यात भराभर मुरतं. पण खाली मऊ चिकणमातीसारखा थर लागतो, तिथे पाणी अडतं आणि आडवं सरकायला लागतं. सरकत सरकत डोंगराच्या उताराला झरा होऊन बाहेर येतं, पऱ्याला मिळतं आणि समुद्रात जातं. म्हणजे आपला सडा ही फुटक्या रांजणासारखी गोष्ट आहे. भरतो लवकर, रिकामाही लवकर होतो. त्या थराच्याही खाली काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर साचले, त्याचा हा दगड. सह्याद्री त्याचाच आणि आपली बामणघळही त्याच कातळात. उमा-महेश्वराच्या देवळाजवळ भरतीच्या वेळी जे पाणी उंच उसळतं, ती जागा लाटांनी कातळातली भेग कोरत कोरत केलेली आहे.

हे सगळं वाचता येणं म्हणजे भूविज्ञान. ते शिकलेला माणूस भूवैज्ञानिक. तो चार गोष्टी सांगू शकतो: पाणी कुठे आहे, जमीन कुठे सरकेल, कोणता दगड कशाच्या उपयोगाचा आणि किनारा कसा बदलतो आहे.

आपल्याला तो कशाला हवा?

पहिलं कारण पाणी. बोअर मारायची म्हटली की आपण नारळ हातावर घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावतो. त्याच्यावर कोणाची श्रद्धा असेल तर मी काही बोलत नाही. पण बोअरसाठी गटातून कर्ज उचललं आणि बोअर कोरडी गेली, तर नारळ हप्ता भरत नाही, ताई भरते. भूवैज्ञानिक काय करतो? तो आधी आसपासच्या विहिरींची खोली आणि पाण्याची पातळी पाहतो, उतार पाहतो, दगड पाहतो. मग गरज वाटली तर जमिनीत एका ओळीत चार लोखंडी सळया रोवून त्यातून वीज सोडतो आणि जमीन विजेला किती अडवते ते मोजतो. ओला, भेगाळलेला दगड कमी अडवतो, कोरडा आणि अखंड दगड जास्त. यानेही शंभर टक्के खात्री मिळत नाही, पण अंदाज हवेतला राहत नाही. समुद्राजवळच्या वाड्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. किनाऱ्याजवळ बोअर फार खोल नेली आणि उपसा वाढवला तर खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा शिरलेला खारेपणा सहजासहजी जात नाही.

हे काम करणारं सरकारी खातं आपल्याकडे आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिली. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचं कार्यालय असतं आणि तिथे भूवैज्ञानिक असतात.

दुसरं कारण दरडी. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये आणि आपल्याच खेड तालुक्यातलं पोसरे इथे दरडी कोसळल्या. त्याच दिवशी चिपळूण पुरात बुडालं होतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी गेली. प्रत्येक वेळी पाऊस अतोनात होता हे खरं. पण डोंगर एका रात्रीत ठरवून पडत नाही. वरच्या बाजूला जमिनीला भेगा पडतात, झाडं आणि विजेचे खांब कलतात, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं किंवा नको तिथे नवीन पाणी फुटतं, घराची दारं अडकायला लागतात. ही चिन्हं सगळ्यात आधी कोणाला दिसतात? लाकडाला आणि पाण्याला जाणाऱ्या बाईला. त्यांचा अर्थ सांगायला शिकलेलं माणूस लागतं. ते माणूस आपल्यातलंच असेल तर किती बरं.

रस्ता कसा आहे?

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी भूविज्ञानात एमएस्सी झाली. वर्षभर घरी आहे. शेजारपाजारचे विचारतात, "दगडांचं शिकून काय करणार? त्यापेक्षा डीएड केलं असतं." लग्नाचंही बोलणं चालू आहे. तिच्या आईने मला विचारलं, "पुढे वाट आहे का काही?" मी बीए झालेली, मला या शास्त्रातलं काय कळणार? पण विचारपूस करणं हे समन्वयकाचं कामच. जे हाती लागलं ते सगळ्यांसाठी सांगते.

बारावी विज्ञान झाल्यावर भूविज्ञान घेऊन बीएस्सी करता येते. मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं फर्ग्युसन ही जुनी नावं. गोव्यात मडगावच्या चौगुले महाविद्यालयातही हा विषय आहे. पुढे एमएस्सीसाठी पुणे, नागपूर, सोलापूर आणि गोवा विद्यापीठांत विभाग आहेत. मुंबईच्या आयआयटीत जायचं तर 'जॅम' नावाची देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते.

एमएस्सीनंतरचा मोठा दरवाजा म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ या दोन ठिकाणी नेमणुका होतात. भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ सालची संस्था, मुख्यालय कोलकात्याला, आपल्या मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला. परीक्षा तीन टप्प्यांत होते: पूर्व, मुख्य आणि मुलाखत. जाहिरात साधारण सप्टेंबरच्या सुमारास येते. महिलांना परीक्षेची फी नाही, हे लक्षात ठेवा. शिवाय राज्याच्या भूजल यंत्रणेची आणि खनिकर्म खात्याची भरती वेगळी निघते.

नोकरी लागेपर्यंत काय?

खरी अडचण इथे आहे. शिक्षण संपलं आणि नोकरी नाही, ही मधली दोन-तीन वर्षं मुली घरी बसतात आणि विषयापासून तुटतात. या काळात हात चालू ठेवायच्या वाटा आहेत.

एक, उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून ती देतात. ही शिकत असतानाच घ्यायची. निवड झालेल्या विद्यार्थिनीला दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येतं आणि विद्यावेतनही मिळतं.

दोन, जवळच्या संस्था. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची अलिबागची वेधशाळा १९०४ पासून चालू आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची नाजूक उपकरणं तिथे हलवली गेली. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. कराडला भूकंपाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. तिथे भूकंप का होतात ते पाहायला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं. पहिला सव्वा किलोमीटर आपलाच काळा कातळ लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट. अशा ठिकाणी प्रकल्पापुरत्या जागा निघतात. त्या तात्पुरत्या असतात, पण कामाचा अनुभव पक्का असतो.

तीन, सामाजिक संस्था. पुण्याची 'अॅक्वाडॅम' ही संस्था १९९८ पासून भूजलावर काम करते. गावाचं पाणी गावाला समजावून सांगणं हे तिचं काम. असं काम करणाऱ्या संस्थांना दगड कळणारी आणि बायकांशी मराठीत बोलू शकणारी मुलगी हवी असते. आपल्या मुली इथे कोणाच्या मागे नाहीत.

चार, आपल्या विषयातल्या माणसांशी ओळख. बंगळुरूची जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे. जगभरच्या तरुण भूवैज्ञानिकांचं 'यस नेटवर्क' नावाचं जाळं २००७ मध्ये सुरू झालं. जाहिराती, व्याख्यानं, परिषदा यांची खबर अशाच ठिकाणी लागते. आपण गटात बसतो तेव्हाच योजना कळतात ना, तसंच हे.

पाच, संसारामुळे खंड पडलेल्यांसाठी केंद्राच्या विज्ञान खात्याची 'वाईज-किरण' योजना आहे. शिक्षण-संशोधन सुटलेल्या महिलांना परत विज्ञानात आणण्यासाठीही ती आहे. तेव्हा लग्न झालं म्हणजे सगळं संपलं, असं मुलीला सांगू नका.

"मुलीच्या जातीला जमेल का?"

हे आपण विचारतोच. उन्हातान्हात फिरायचं, डोंगर चढायचे, परक्या गावात राहायचं. उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये गोव्याहून अंटार्क्टिकाला जी भारतीय मोहीम निघाली, तिच्यात दोन स्त्रिया होत्या. नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत, आणि बंगालच्या भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता. भारतीय मोहिमेतून त्या बर्फाळ खंडावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. सेनगुप्तांना पुढे १९९१ चा भटनागर पुरस्कार मिळाला. बर्फात जमलं ते कातळावर का जमणार नाही?

कायदाही हळूहळू बदलतो आहे. १९५२ च्या कायद्याने बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला बंदी होती. २०१९ मध्ये ती सैल झाली आणि तांत्रिक व देखरेखीच्या कामांसाठी त्यांना खाली उतरता येऊ लागलं.

आता खरं बोलते. मुलींना कातळाची भीती नसते. भीती असते ती संध्याकाळी राहायचं कुठे, पोशाख बदलायचा कुठे, सोबत कोण, याची. आणि इथेच आपले गट कामाला येतात.

गटाने काय करायचं?

पहिलं, घर द्या. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रभेट करावीच लागते. आपल्याकडे पर्यटकांसाठी घरगुती निवास चालवणाऱ्या बायका आहेत. महाविद्यालयांना कळवा की आमच्या गटाकडे मुलींची राहण्या-जेवणाची सुरक्षित सोय होईल. गटाला उत्पन्न, मुलींना आधार. बामणघळ, जांभ्याचा सडा, चिरेखाण, झरे, सगळं एका दिवसात दाखवता येतं. फक्त भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात घळीच्या काठावर कोणालाही जाऊ देऊ नका.

दुसरं, नोंदी ठेवा. वही आणि पेन पुरे. दोरीला हात-हातावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळी पाणी भरायच्या आधी विहिरीची पातळी मोजा. झऱ्यासाठी दहा लिटरची बादली लावा आणि किती सेकंदांत भरते ते पाहा. समजा वीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला तीस लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. जलजीवन योजनेत माणशी रोज ५५ लिटर धरतात, त्या हिशोबाने साडेसातशेहून जास्त माणसांचं पाणी त्या एका झऱ्यात आहे. हाच झरा मे महिन्यात परत मोजा, म्हणजे घट कळेल. दोन-तीन वर्षांची अशी वही असेल तर येणाऱ्या भूवैज्ञानिक मुलीचं निम्मं काम झालेलं असतं, आणि ग्रामपंचायतीतही आपलं म्हणणं नुसतं तोंडी राहत नाही.

तिसरं, अहवाल मराठीत मागा. कोणी अभ्यासाला आलं की चहा द्या, वाट दाखवा, पण जाताना सांगा, "तुला काय कळलं ते आमच्या बैठकीत येऊन समजाव." वाडीची माहिती वाडीला परत मिळायला हवी.

चौथं, घरात शिकलेली मुलगी असेल तर तिला गावचंच काम द्या. त्या ताईंच्या लेकीला आम्ही सांगितलं आहे, परीक्षेचा अभ्यास चालू ठेव आणि सोबत आमच्या वाड्यांमधल्या विहिरी-झऱ्यांचा नकाशा कर. प्रवासखर्च गटांनी वर्गणी करून द्यायचा ठरला आहे. मुलाखतीत "वर्षभर काय केलंस?" असं विचारलं, तर तिच्या हातात दाखवायला काहीतरी असेल.

येत्या बैठकीत दोनच गोष्टी करा. आपल्या वाडीत विज्ञान शाखेला किती मुली आहेत त्यांची नावं लिहून घ्या, आणि एका विहिरीची पातळी मोजून वहीत पहिली नोंद करा. तारीख टाकायला विसरू नका.