नित्याचे निर्णय आणि शहाणपणाची प्रार्थना

ख्रिस्ती कुटुंबांत रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळीं आजाऱ्याला आराम पडावा, प्रवासाला गेलेला सुखरूप परत यावा, मुलाला परीक्षेंत यश यावें, अशीं मागणीं मोठ्यानें होतात. त्यांच्या जोडीला आणखी एक मागणें असतें, आणि तें घरांतील कर्तीं माणसें बहुधा मनांतल्या मनांत करतात. मुलीला आलेलें स्थळ पत्करावें कीं थांबावें. बदलीच्या गांवीं बिऱ्हाड न्यावें कीं एकट्यानेंच जावें. वडिलार्जित जमिनीचा तुकडा विकून मुलाला पुढें शिकवावें कीं नाहीं, हे प्रश्न पवित्र शास्त्र उघडून पाहिल्यानें सुटत नाहींत. चोरी करावी कीं नाहीं हें दहा आज्ञांनीं कधींच ठरवून टाकलें आहे. पण दोन्ही वाटा प्रामाणिक असतां कोणती धरावी हें कोठेंच लिहून ठेवलेलें नसतें. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्य देवापाशीं शहाणपण मागतो. हें मागणें म्हणजे नेमकें काय, ह्याविषयीं भाविक मंडळींतही बराच घोटाळा आढळतो.

ह्या मागण्याला आधार म्हणून याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय दाखविण्यांत येतो. ज्याला शहाणपणाची उणीव भासते त्यानें तें देवाकडे मागावें. देव हात आखडता घेत नाहीं आणि मागणाऱ्याला टाकूनही बोलत नाहीं, असा तेथील भावार्थ आहे. येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. याकोब शहाणपण मागावयास सांगतो; उत्तर मागावयास सांगत नाहीं. शाळेंत गणित अडलें म्हणजे एक मुलगा मास्तरांना उत्तर विचारतो आणि दुसरा रीत विचारतो. पहिल्याचें गणित तेवढ्यापुरतें सुटतें. पाटी पुसली कीं तो पुन्हां होता तेथेंच. देवाच्या दारीं जाणाऱ्यांतही हे दोन वर्ग आहेत, आणि पहिला वर्ग नेहमींच भरलेला असतो.

शलमोन राजाची गोष्ट ह्याच दृष्टीनें वाचली पाहिजे. गिबोन येथें देवानें त्याला स्वप्नांत दर्शन देऊन वर मागावयास सांगितलें, तेव्हां त्या तरुण राजानें दीर्घायुष्य, संपत्ति किंवा शत्रूंचा नाश ह्यांपैकीं कांहींच न मागतां प्रजेचा न्याय करतां येईल असें समंजस मन मागितलें. तें त्याला मिळालें. लगेच पुढें दोन स्त्रिया एका मुलाबद्दल भांडत त्याच्यापुढें आल्याची हकीकत आहे. दोघी एकाच घरांत राहणाऱ्या, तिसरा साक्षीदार नाहीं, आणि दोघींचें म्हणणें शब्दाला शब्द सारखें. त्या वेळीं खरी आई कोणती हें सांगणारा आवाज आकाशांतून आला नाहीं. राजानें दोघींचें ऐकून घेतलें, कोणत्याही पुराव्यानें हा वाद सुटणार नाहीं हें ओळखलें, आणि तरवार मागवून अशी परीक्षा योजिली कीं आईचें काळीज आपोआप बोलून जावें. मनुष्यस्वभावाची पारख देवानें दिली होती. निकाल मात्र त्याचा त्यालाच करावा लागला.

हें ओझें मनुष्याला नकोसें वाटतें. कोंकणांत देवाच्या मूर्तीला तांदूळ किंवा फुलें लावून कौल घेण्याची चाल आहे. उजवें पडलें तर होकार, डावें पडलें तर नकार. कौल मिळाला कीं जबाबदारी देवावर गेली व माणूस मोकळा झाला. ख्रिस्ती माणसाच्या घरांत कौल नसतो, परंतु डोळे मिटून पवित्र शास्त्र कोठें तरी उघडावयाचें आणि बोट ज्या ओळीवर पडेल ती खास आपल्यासाठींच आहे असें मानावयाचें, हा प्रकार कौलाचाच चुलतभाऊ म्हटला पाहिजे. हा केवळ अडाण्यांचा प्रकार आहे असेंही नाहीं. १७३९ सालच्या मार्च महिन्यांत जॉन वेस्ली ह्यांना ब्रिस्टल शहरीं येऊन उपदेश करण्याविषयीं जॉर्ज व्हाइटफील्ड ह्यांचें बोलावणें आलें. वेस्ली म्हणजे ऑक्सफर्डचे विद्वान. पण त्यांनीं शास्त्र उघडून पाहिलें, तों निघालेलीं वचनें मरणाचीं सूचक वाटलीं. शेवटीं लंडनच्या मंडळींत चिठ्ठ्या टाकण्यांत आल्या व जावें असें निघालें. ते गेले, आणि उघड्या मैदानांत उपदेश करण्याचें त्यांचें मोठें कार्य तेथेंच सुरू झालें. चिठ्ठीचें फळ असें चांगलें निघालें हें नाकारतां येत नाहीं. मात्र त्या वचनांतून जो इशारा काढला गेला तो साफ फसला, कारण वेस्ली त्यापुढें बावन्न वर्षें जगले. जर्मनींतील मोरेव्हियन मंडळींत तर विवाहदेखील चिठ्ठीनें मंजूर होत असत. एकोणिसाव्या शतकांत ती चाल मागें पडली.

चिठ्ठ्यांचा दाखला नव्या करारांतही आहे, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. यहूदाच्या रिकाम्या जागीं मत्थियाची निवड तशीच झाली. पण पेंटेकॉस्टच्या दिवसानंतर चिठ्ठ्यांचें नांव पुन्हां ऐकूं येत नाहीं. विदेशी ख्रिस्त्यांवर सुंतेचें बंधन असावें कीं नाहीं हा बिकट प्रश्न निघाला, तेव्हां प्रेषित व वडील यरुशलेमांत एकत्र बसले. पुष्कळ वादविवाद झाला. पेत्र बोलला, बर्णबा व पौल ह्यांनीं प्रत्यक्ष पाहिलेली हकीकत सांगितली, याकोबानें शास्त्राचा आधार देऊन तोड सुचविली. एवढी खटपट झाल्यावर जें पत्र लिहिलें गेलें, त्यांत हा निर्णय पवित्र आत्म्याचा आणि आपला असल्याचें त्यांनीं निःशंकपणें म्हटलें. चर्चा करावी लागली म्हणून आत्म्याचें साह्य उणें पडलें, असें त्यांच्या मनांत आलें नाहीं.

प्रार्थना आणि विचार हीं दोन्हीं एकाच कामांत कशीं नांदतात ह्याचें उत्तम उदाहरण वेस्लींनंतर शंभर वर्षांनीं त्याच ब्रिस्टल शहरांत घडलें. जॉर्ज म्यूलर ह्यांचा जन्म १८०५ सालीं प्रशियांत झाला. १८३६ सालीं त्यांनीं ब्रिस्टलच्या विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरांत अनाथ मुलींसाठीं आश्रम उघडला. पैशासाठीं कोणा मनुष्यापुढें हात पसरावयाचा नाहीं, देवापाशींच मागावयाचें, हा त्यांचा नेम होता; आणि म्हणून त्यांच्या ज्या गोष्टी प्रचारांत आहेत त्या बहुतेक सर्व पैसा ऐनवेळीं कसा आला ह्याच्याच असतात. त्यांच्या रोजनिशींतला जो भाग ह्या विषयाला सर्वांत उपयोगी, तो सहसा कोणी सांगत नाहीं.

१८४५ सालच्या ऑक्टोबरच्या ३० तारखेस त्यांना त्याच रस्त्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांचें पत्र आलें. तोंवर आश्रमाचीं चार घरें झालीं होतीं आणि शंभराहून अधिक मुलें त्यांत राहत होतीं. पत्र सभ्य भाषेंत होतें. आश्रमामुळें रहिवाशांची नाना प्रकारें गैरसोय होते, एवढेंच त्यांत म्हटलें होतें. त्या दिवशीं म्यूलर ह्यांना सवड नव्हती. नोव्हेंबरच्या ३ तारखेस सकाळचे कांहीं तास त्यांनीं ह्या एका कामासाठीं मोकळे ठेवले, प्रार्थना केली, आणि आश्रम हलविण्याच्या बाजूचीं व विरुद्ध बाजूचीं कारणें कागदावर उतरून काढलीं.

त्या कागदावरचीं कारणें अगदीं साधीं, घरगुती आहेत. खेळाच्या वेळीं मुलांचा गलका होतो. एवढ्या माणसांचें सांडपाणी त्या रस्त्याच्या गटारांना पेलत नाहीं. मुलांना खेळावयास पुरेशी जागा नाहीं, मुलग्यांना बागकाम शिकवावयास जमीन नाहीं, धुण्याची नीट सोय नाहीं, हवा मोकळी नाहीं. शेजाऱ्यांच्या तक्रारींत तथ्य आहे हें त्यांनीं सरळ मान्य केलें. देवाच्या कार्याला आडवे येणारे लोक असा शिक्का मारून त्यांना वाटेला लावणें सोपें होतें. भक्त मनुष्याच्या खिशांत हा शिक्का नेहमींच तयार असतो. विरुद्ध बाजूला, आजवर देवानें ह्याच रस्त्यावर घरें मिळवून दिलीं, आणि नवी इमारत बांधावयाची तर फार मोठी रक्कम लागेल, अशीं कारणें मांडलीं. मग त्यांनीं आपल्या मंडळींतील सहकाऱ्यांना विचारलें, व त्या सर्वांचें मत जागा सोडावी असें पडलें. त्यानंतर म्यूलर व त्यांच्या पत्नी ह्यांनीं इमारतीसाठीं नित्य प्रार्थना चालविली, आणि छत्तिसाव्या दिवशीं, डिसेंबरच्या १० तारखेस, १००० पौंडांची देणगी आली. लोकांच्या लक्षांत हे हजार पौंड राहतात. पण ते छत्तिसाव्या दिवशीं आले. कारणांचा कागद त्याच्या आधीं लिहून झाला होता, आणि गटारांचा उल्लेख त्यांत होता.

पुढच्या फेब्रुवारींत ॲश्ली डाउन नांवाच्या उंचवट्यावरची जमीन त्यांच्या पाहण्यांत आली. मालकाच्या भेटीस ते त्याच्या घरीं गेले, कामाच्या ठिकाणीं गेले, पण भेट झाली नाहीं. त्या दिवशीं त्यांनीं आणखी पाठपुरावा केला नाहीं. दुसऱ्या दिवशीं भेट झाली तेव्हां मालकानें सांगितलें कीं, पहांटे तीनपासून झोंप लागली नाहीं, सारखा जमिनीचाच विचार मनांत येत होता, आणि आश्रमासाठीं हवी असल्यास एकरीं २०० पौंडांऐवजीं १२० पौंडांना द्यावी असें ठरविलें. सुमारें सात एकरांची ती जमीन. तेथें १८४९ सालीं ३०० मुलांसाठीं पहिली इमारत उघडली. १८७० पर्यंत पांच इमारती होऊन २००० मुलांची सोय झाली. एका शेजाऱ्याचें तक्रारीचें पत्र शांतपणें वाचलें गेलें, त्याचा हा विस्तार.

म्यूलर ह्यांच्या चरित्राचा परिणाम आपल्याकडेही झाला. पंडिता रमाबाईंनीं तें वाचलें होतें व आपल्या आत्मनिवेदनांत तसें नमूद केलें आहे. १८८९ सालीं मुंबईस काढलेलें शारदासदन त्यांनीं पुढच्याच वर्षीं पुण्यास नेलें. अमेरिकेंतील साह्यकारी मंडळाची मदत दहा वर्षांच्या बोलीची होती. ती संपल्यावर पुढें काय, ह्याचा विचार करून त्यांनीं केडगांवास शेत घेऊन फळझाडें लावलीं. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. तरुणपणीं दुष्काळानें आईबाप व बहीण गमावलेल्या ह्या बाई स्वतः तेथें गेल्या व निराधार मुलीबाया घेऊन आल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग. एवढा जमाव शहरांत ठेवतां येईना. ह्या वेळीं केडगांवचें शेत उपयोगी पडलें, आणि मुक्तिसदन तेथेंच उभें राहिलें. प्रार्थनेंत रमाबाईंचा हात धरणारा विरळा. पण शेत आधीं घेऊन ठेवलेलें होतें.

ह्या मार्गांत खरा धोका एकच आहे, व तो मागणाऱ्याच्या मनांतच असतो. आपल्याला जें हवें आहे तेंच देवाच्या तोंडीं घालण्याची कला मनुष्याला उपजतच येते. म्यूलर सांगत असत कीं, ज्या गोष्टीविषयीं विचारावयाचें तिच्याविषयीं आधीं स्वतःची इच्छा बाजूला ठेवतां आली पाहिजे; बहुतेक अडचण येथेंच असते. इग्नेशियस लोयोला ह्यांच्या, १५४८ सालीं छापलेल्या साधनाग्रंथांत एक युक्ति दिली आहे: कधीं न पाहिलेला एखादा मनुष्य हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सल्ला द्याल, तो स्वतः घ्या. दोन पंथांच्या दोन पुरुषांचें येथें एकमत दिसतें. देवानें मला असें सांगितलें, हें वाक्य घरांत उच्चारलें कीं पत्नीचें तोंड बंद होतें, मुलगी मान खालीं घालते, भाऊ उठून जातो. ज्या प्रश्नावर इतरांचेंही आयुष्य टांगलेलें आहे, तेथें हें वाक्य वापरणें म्हणजे प्रार्थनेचा उपयोग दंडुक्यासारखा करणें होय.

शिवाय दोघांनीं मनोभावें प्रार्थना केली तरी दोघांना एकच वाट दिसेल, अशी हमी कोठें दिलेली नाहीं. यरुशलेमच्या त्या सभेनंतर थोड्याच दिवसांनीं पौल व बर्णबा ह्यांचें मार्काला बरोबर न्यावें कीं नाहीं ह्यावरून इतकें बिनसलें कीं ते वेगळे झाले. पौलाला मार्क मध्येंच सोडून गेल्याची आठवण होती. बर्णबाला त्याला दुसरी संधि द्यावीशी वाटत होती. कोणाचें चुकलें हें प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलेलें नाहीं. पुढें तुरुंगांतून लिहितांना पौलानें त्याच मार्काला आपल्या उपयोगाचा म्हणून बोलावून घेतलें, एवढें मात्र आढळतें.

रोजच्या व्यवहारांतला एक प्रसंग घेऊन पाहावा. मेव्हणा कर्ज काढतो आहे व जामीन म्हणून सही मागतो आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकांत जामीन राहण्याविरुद्ध एकदां नव्हे, अनेकदां इशारा आहे; पण बहिणीचें घर बुडतांना पाहवत नाहीं, हेंही खरें. शहाणपण मागणाऱ्याला येथें पहिल्यानें जें मिळतें तें उत्तर नसून जे विचारावयास नकोसे वाटतात असे प्रश्न असतात: कर्ज किती व कशासाठीं, मागचें फिटलें काय, न फिटल्यास स्वतःच्या मुलांच्या तोंडचा घास जाईल काय, पत्नीला विचारलें आहे काय, आणि सही देण्याची ओढ दयेची आहे कीं नातेवाइकांत नांव राखण्याची. ह्या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावर सही देऊं नये असें ठरलें, तरी काम निम्मेंच झालेलें असतें. वरून येणारें शहाणपण शांतिप्रिय, सौम्य व दयेनें भरलेलें असतें, असें वर्णन याकोबानेंच तिसऱ्या अध्यायांत केलें आहे. तेव्हां नकार कसा द्यावा ह्यासाठींही तें मागावें लागतें. चिठ्ठी पाठविण्यापेक्षां स्वतः जावें. जामिनाऐवजीं आपल्या शिलकेंतून झेपेल तेवढी रक्कम परत न मागण्याच्या बोलीनें न्यावी. आणि बहिणीदेखत बोलावें कीं मेव्हण्याला एकट्याला बाहेर नेऊन बोलावें, हें घरून निघण्यापूर्वींच ठरलेलें असावें.