शेजारधर्म आणि घरातील वायफाय

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, त्या वेळी प्रस्तुत लेखक शाळेत शिकत होता. पुढे कॉलेजात संगणक पाहिला तो काचेच्या दाराबाहेरून, कारण कला शाखेच्या मुलांना त्या खोलीत प्रवेश नव्हता. आज शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर, सीईटीची नोंदणी ऑनलाईन, प्रवेशाची यादीही ऑनलाईन. ज्या घरी इंटरनेट नाही, त्या घरचा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी दारातच अडतो. म्हणून शेजाऱ्याने वायफायचा पासवर्ड मागितला तर काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मी तंत्रज्ञ नव्हे, बँकेतील लिपिक आहे. ठेच लागल्यावर जे शिकलो तेच येथे मांडतो.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींनी विचारले, "भाऊ, पोरीचं बारावीचं वर्ष आहे. मोबाईलचा डेटा दुपारीच संपतो. तुमचं वायफाय तिला चालेल का?" मी पासवर्ड कागदावर लिहून दिला. तो मुलीकडून तिच्या भावाकडे आणि भावाकडून त्याच्या मित्रमंडळींकडे गेला. हल्ली कागदही लागत नाही, फोनवरचे चौकोनी क्यूआर चिन्ह दाखवले की काम होते. काही दिवसांनी रात्री आमच्याच घरी इंटरनेट अडखळू लागले. पाहतो तो राऊटरवर एकोणीस उपकरणे जोडलेली! आमच्या घरातले फोन चार. रागाच्या भरात मी पासवर्ड बदलला आणि कुणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या सीईटी अर्जाची शेवटची तारीख होती. वहिनी तिला घेऊन स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेल्या, तेथे ही रांग. अर्ज रात्री साडेअकराला भरला गेला. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

चूक दोन्ही वेळा माझीच होती. आधी विचार न करता दिले आणि नंतर विचार न करता काढून घेतले.

आता मूळ मुद्दा समजून घेऊ. कंपनीची तार आपल्या घरातील राऊटरपर्यंत येते. राऊटर तेथून रेडिओलहरींनी फोन व संगणकांशी बोलतो. घरात दहा फोन असले तरी बाहेरच्या जगाला साधारणपणे एकच पत्ता दिसतो, तो म्हणजे आपल्या जोडणीचा. या पत्त्यास आयपी पत्ता म्हणतात. शेजाऱ्याच्या मुलाने काही उद्योग केला तर चौकशी त्याच्या दारी जात नाही. ज्याच्या नावाने बिल येते त्याच्या दारी येते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर पासवर्ड वाटणे म्हणजे सही केलेला कोरा चेक वाटणे होय.

ही केवळ भीती नव्हे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईत सानपाडा येथे एका परदेशी गृहस्थाच्या घरी पोहोचले. त्यांचे वायफाय दुसऱ्यांनीच वापरले होते, परंतु चौकशीला सामोरे जावे लागले ते त्या गृहस्थांना. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेल्याचे आढळले. तेव्हा कुलूप नसलेले वायफाय अनेक ठिकाणी असे. आज ती स्थिती बरीच बदलली आहे, पण पासवर्ड रांगभर पसरला तर कुलूप असून नसल्यासारखेच.

मग शेजाऱ्याला नाही म्हणावे काय? माझे मत तसे नाही. बहुतेक नव्या राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे जाळे, करण्याची सोय असते. त्याचे नाव निराळे, पासवर्ड निराळा. त्यावर आलेल्या माणसाला आपल्या घरातील संगणक, प्रिंटर किंवा कॅमेरा सहसा दिसत नाही. काही राऊटरमध्ये त्याचा वेग मर्यादित ठेवता येतो व ते ठराविक वेळी बंदही करता येते. घरचा मुख्य पासवर्ड कुणाला सांगण्याची गरजच उरत नाही. मात्र एक गैरसमज नको. गेस्ट नेटवर्कवरूनही बाहेर दिसणारा पत्ता आपलाच असतो. म्हणून ते ओळखीच्या घरालाच द्यावे.

राऊटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड हा आणखी वेगळा असतो. पुष्कळ घरी तो कारखान्यातून आला तसाच असतो, आणि तो ज्याला ठाऊक तो मालक. हा आधी बदलावा. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ साली आलेले डब्ल्यूपीए-३ निवडावे; जुने डब्ल्यूईपी कधीच मोडून पडले आहे.

लहरींविषयी थोडे. राऊटर बहुधा २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. ५ चा वेग जास्त, पण भिंत आली की तो लवकर दमतो. २.४ तुलनेने दूर जातो, म्हणून शेजारच्या खोलीसाठी तोच बरा. लोखंडी कपाटामागे किंवा पत्र्याला चिकटून राऊटर ठेवू नये. आमचा टीव्हीच्या मागे होता, तो उंच फळीवर ठेवताच वहिनींच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. वेग मात्र वाटला जातो. पन्नास एमबीपीएसच्या जोडणीत ऑनलाईन तासाला एक-दोन एमबीपीएस पुरतात, पण तीन-चार घरी एकाच वेळी सिनेमे सुरू झाले की ओढाताण होते. योजनेत महिन्याची मर्यादा असल्यास ती संपल्यावर वेग एकदम घसरतो.

पैशाचे काय? वहिनींनी निम्मे बिल देऊ केले, मी घेतले नाही. त्यात मोठेपणा नाही. कंपन्यांच्या अटींत जोडणीची पुनर्विक्री करण्यास बहुधा मनाई असते, आणि काही ठिकाणी घराबाहेर वापर देण्यासही. म्हणून आपल्या कागदपत्रातील अटी आधी वाचाव्यात. अटीत बसत नसेल तर तसे शेजाऱ्याला स्पष्ट सांगावे, आणि अर्ज भरायच्या दिवशी मुलांना आपल्या घरी बसवून घ्यावे.

अनेकांना रीतसर इंटरनेट द्यायचे असेल तर वेगळा मार्ग आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेस मंजुरी दिली. तीनुसार किराणा दुकानदार किंवा चहावालासुद्धा सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. त्याला परवाना वा नोंदणी शुल्क लागत नाही. वापरणाऱ्याची ओळख ॲपमार्फत नोंदली जाते, त्यामुळे कोरा चेक राहत नाही.

आमच्याकडे आता गेस्ट नेटवर्क आहे. त्याचा पासवर्ड दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलतो, आणि बदलण्याआधी मी वहिनींना सांगतो. मुलगी सध्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. नवा पासवर्ड न्यायला ती स्वतः येते आणि भावाला देत नाही म्हणते. आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसणाऱ्या मुलांसाठी पीएम-वाणीची सोय करता येईल का, हा विषय पुढील सर्वसाधारण सभेत घ्यावा, अशी कार्यकारी मंडळाला माझी विनंती आहे. चौकशीचे काम मी करीन.